घरच्या वृद्धांची आणि जोडीदाराची शुश्रूषा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पक्षाघातानंतर माझी आई सहा वर्षं पलंग आणि खुर्ची एवढ्याच जगात होती. त्यातल्या शेवटच्या दोन वर्षांत बाबांची स्मृतीही हळूहळू जात राहिली. तेव्हा चुकतमाकत जे शिकले, आणि पुढे अशाच घरांतून मला जे विचारलं गेलं, ते इथे लिहिलं आहे. बहुतेक प्रश्न फोनवर, दार लावून घेऊन, हलक्या आवाजात विचारलेले. माझ्यापुरती एक गोष्ट त्यातून पक्की झाली. शुश्रूषेत कामं असतात आणि सोबत असते. कामं दुसऱ्याच्या हाती देता येतात, सोबत देता येत नाही. सगळी कामं एकट्याने ओढत राहिलं की आधी सोबत संपते, आणि हे मी माझ्याच घरात होताना पाहिलं. औषधोपचाराचे निर्णय मात्र तुमच्या डॉक्टरांना विचारूनच घ्या.

आई-बाबांना आता मदत लागणार, हे ओळखायचं कसं?

वृद्धांची तपासणी करणारे डॉक्टर सहा गोष्टी पाहतात: अंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, पलंगावरून खुर्चीवर जाणं, लघवी-शौचावर ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणं. ही यादी सिडनी कॅट्झ या डॉक्टरांनी १९६३ मध्ये मांडली, आणि त्यांच्या लक्षात आलं की या क्षमता साधारण एका क्रमाने जातात. अंघोळ सगळ्यात आधी अवघड होते, जेवण सगळ्यात शेवटी.

पण घरच्यांना त्याच्या कितीतरी आधी चाहूल लागते. बिलं न उघडता पडून असतात. भांड्याचा तळ करपलेला असतो. कपडे अचानक ढगळ दिसू लागतात, म्हणजे वजन उतरलेलं असतं. गोळ्यांच्या पाकिटात जितक्या उरायला हव्यात त्याहून जास्त उरतात. चालताना हात भिंतीला, टेबलाला, खुर्चीच्या पाठीला लागत जातो. यातलं एखादं दिसलं तर वयाच्या माथी मारून सोडून देऊ नका. निदान डोळे, कान, पाय आणि औषधं यांची एक नीट तपासणी करून घ्या. पुष्कळदा कारण बरं होण्यासारखं असतं.

मदतीचं नाव काढलं की ते चिडतात. काय करायचं?

आधी त्यांच्या जागी बसून पाहा. आयुष्यभर ज्यांनी घर चालवलं, त्यांना त्यांचंच मूल सांगतंय की तुम्हाला आता जमत नाही. राग येणारच.

‘तुम्हाला जमत नाही’ ऐवजी ‘मला काळजी वाटते, माझ्यासाठी एवढं कराल का’ असं म्हटलं तर पुष्कळ घरांत गाठ सुटते. एका वेळी एकच गोष्ट मागा. न्हाणीघरात धरायचा दांडा बसवायचा असेल तर त्याच दिवशी पलंग बदलण्याचा विषय काढू नका. आणि ठरवायला काहीतरी त्यांच्याकडे ठेवा: दांडा कुठे हवा, मदतनीस सकाळी यावी की दुपारी.

आई एका हाताने स्वतःच्या अंगावरची बटणं लावायची. दहा मिनिटं लागायची. पहिल्या वर्षी घाईपायी मीच लावून टाकायचे. फिजिओथेरपिस्टने मला बाजूला घेऊन सांगितलं की तुम्ही जे काम त्यांच्या हातून काढून घेता ते परत येत नाही. त्यानंतर मी दहा मिनिटं लवकर उठू लागले.

समजून-उमजून कुणी थोडा धोका पत्करत असेल, तर तो त्यांचा अधिकार आहे. निर्णय घेण्याची समजच राहिली नसेल तर गोष्ट वेगळी. या दोन्हींत गल्लत झाली की घर तुरुंग होतं.

यांच्या आजारपणात मी बायको उरलेच नाही, नर्स झाले. हे असंच चालायचं का?

हा प्रश्न बायका विचारतात, आणि नवरेही विचारतात, फक्त त्यांना शब्द सापडायला जास्त वेळ लागतो. मुलगा किंवा मुलगी आई-वडिलांची शुश्रूषा करते तेव्हा तिचं स्वतःचं आयुष्य कुठेतरी बाजूला चालू असतं. जोडीदाराचं तसं नसतं. ज्याच्याशी बोलून मन हलकं करायचं, तोच आजारी असतो. शिवाय स्वतःचंही वय झालेलं असतं, गुडघे दुखत असतात. आणि मुलांना त्रास नको म्हणून दोघंही सगळं लपवतात.

माझं मत स्पष्ट आहे. अंगाची कामं, म्हणजे अंघोळ, डायपर, कॅथेटरची म्हणजे लघवीच्या नळीची पिशवी, यातलं जेवढं दुसऱ्याकडे देता येईल तेवढं द्या. ती कामं हलकी आहेत म्हणून नव्हे, तर ती रोज एकाच माणसाने केली की स्पर्शाचा अर्थ बदलतो म्हणून. आजारी माणसालाही जोडीदाराचा हात दिसला की पुसायला आला असंच वाटू लागतं. दिवसातली वीस मिनिटं अशी ठेवा की ज्यात औषध नाही, तापमान नाही, ‘आज पोट साफ झालं का’ नाही. जुने फोटो काढा, एकत्र गाणी ऐका, नुसते शेजारी बसा. शारीरिक जवळीक संपलीच असंही धरून चालू नका. पक्षाघात किंवा हृदयविकारानंतर ती कधी आणि कशी सुरक्षित आहे, हे डॉक्टरांना बिनदिक्कत विचारा. त्यांनी हा विषय आपणहून काढला नाही म्हणून तो निषिद्ध होत नाही.

जोडीदाराला तुमचं नावच आठवेनासं झालं असेल, तर त्या दुःखालाही नाव आहे. पॉलीन बॉस या अमेरिकी अभ्यासक त्याला संदिग्ध वियोग म्हणतात: माणूस समोर आहे आणि नाहीही. अशा दुःखात कुणी भेटायला येत नाही, कारण कुणी गेलेलं नसतं. तुम्हाला रडू येतं ते वेडेपणाने नव्हे.

उचलताना माझी कंबर गेली. काही युक्ती आहे का?

पहिली गोष्ट, उचलायचं नाहीच. त्यांना उभं राहायला मदत करायची. पलंगाच्या कडेला बसवा, पावलं जमिनीवर सपाट आणि गुडघ्यांच्या किंचित मागे आणा, धड पुढे झुकवा. नाक पायाच्या बोटांवर आलं की बूड आपोआप हलकं होतं. तुम्ही कमरेतून न वाकता गुडघ्यांतून वाका आणि त्यांच्या अगदी जवळ उभे राहा. त्यांचे हात तुमच्या मानेभोवती नकोत, आणि त्यांना काखेत धरून ओढू नका. पक्षाघाताच्या बाजूचा खांदा त्याने निखळू शकतो. खुर्ची चांगल्या बाजूला ठेवायची आणि तिकडे वळायचं. व्हीलचेअरचे दोन्ही ब्रेक आधी लावा आणि पाय ठेवायच्या पट्ट्या वर करा. कमरेला बांधायचा रुंद पट्टा मिळतो, तो धरायला फार सोयीचा असतो.

हे वाचून येत नाही. फिजिओथेरपिस्टला एकदा घरी बोलवा आणि त्यांच्या समोर स्वतः करून दाखवा.

कपडे घालताना हात वाकत नाही, ओरडतात.

घालताना दुखरा हात आधी, काढताना चांगला हात आधी. एवढंच.

अंघोळीला नाहीच म्हणतात. जबरदस्ती करावी का?

नको. रोज अंगभर पाणी घेतलंच पाहिजे असं नाही. चेहरा, काखा, जांघा, गुप्तांग, स्तनांखालची आणि पोटाच्या घडीतली त्वचा रोज पुसून कोरडी केली, आणि पूर्ण अंघोळ आठवड्यातून दोनदा घातली, तरी त्वचा चांगली राहते.

नकारामागे बहुधा तीन कारणं असतात: थंडी, पडण्याची भीती आणि लाज. खोली आधी गरम करा. स्टूल ठेवा. अंगावर टॉवेल राहू द्या आणि जेवढा भाग धुताय तेवढाच उघडा करा. पाणी पायांपासून सुरू करा, डोक्यावर शेवटी. ते आधी स्वतःच्या कोपराला लावून बघा, कारण म्हातारी त्वचा लवकर भाजते, आणि मधुमेहात किंवा पक्षाघातात भाजल्याचं कळतही नाही. स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाला डोक्यावर अचानक आलेलं पाणी हल्ल्यासारखं वाटतं. बाबा मला ढकलायचे ते यामुळे. हे मला फार उशिरा कळलं.

बेडसोअर, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमा, होऊ नयेत म्हणून काय करावं?

या प्रश्नावर मी थोडी जास्त लिहिणार आहे. हे दुखणं चोरपावलांनी येतं, आणि आलं की महिनोन्महिने जात नाही.

हाड आणि गादी यांच्यामध्ये त्वचा दाबली गेली की तिथलं रक्त थांबतं. काही तासांत आतला मांसल भाग मरायला लागतो, वर मात्र नुसता लाल डाग दिसतो. माकडहाड, टाचा, नितंबाची बाजूची हाडं, घोटे, खांद्याची पाती, कोपर आणि डोक्याची मागची बाजू या जागा रोज दोनदा पाहा. डागावर बोट दाबून काढा. तो क्षणभर पांढरा पडला तर रक्त चालू आहे, लालच राहिला तर दुखापत सुरू झाली. सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर लाली दिसत नाही, म्हणून हाताने पाहा: आजूबाजूच्यापेक्षा तो भाग गरम, गार, कडक किंवा दुखरा लागतो का?

दर दोन तासांनी कूस बदलावी असं सर्रास शिकवतात. चांगली गादी असेल तर नर्स किंवा डॉक्टर हे अंतर वाढवून देऊ शकतात, तसं त्यांना जरूर विचारा, कारण रात्रभर दर दोन तासांनी उठणारा माणूस महिन्याभरात कोसळतो. कुशीवर वळवताना पूर्ण आडवं न करता पाठीमागे उशी लावून साधारण ३० अंशांत कलतं ठेवा, म्हणजे नितंबाच्या हाडावर भार येत नाही. पोटरीखाली उशी देऊन टाचा अधांतरी राहू द्या. वर सरकवताना ओढू नका. खाली आडवी चादर घालून दोघांनी ती उचलून सरकवा, कारण घासण्यानेही कातडी फाटते. पलंगाचं डोकं खूप वर ठेवलं की माणूस घसरत राहतो आणि माकडहाडाला तेच घासणं लागतं. जेवणापुरतं वर, मग खाली.

लाल झालेल्या जागेवर मालिश करू नका. आतून दुखावलेलं मांस त्याने आणखी फाटतं. मधे भोक असलेली गोल रबरी गादीही नको, ती भोवतालचा रक्तपुरवठा तोडते. आम्ही या दोन्ही चुका केल्या, अगदी प्रेमाने केल्या. डागावर फोड आला, कातडी उघडली, वास किंवा पू आला तर त्याच दिवशी दाखवा. आणि जेवणात प्रथिनं पुरेशी आहेत का ते विचारा, जखम भरायला ती लागतातच.

पडले तर लगेच उचलायचं का?

नाही. आधी शेजारी बसा, बोला, कुठे दुखतंय विचारा. एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला तर खुब्याचं हाड मोडलं असण्याची दाट शक्यता आहे. तेव्हा न हलवता रुग्णवाहिका बोलवा. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील आणि डोक्याला मार लागला असेल, तर वरवर बरे दिसले तरी रुग्णालयात न्या. मेंदूतला रक्तस्राव काही तासांनी, कधी काही दिवसांनीही कळतो.

पडण्यामागची कारणं बहुतेक घरातच सापडतात: सुटी चटई, रात्री संडासकडे जाताना अंधार, सैल चप्पल, झोपेच्या गोळ्या. एक कारण मात्र दिसत नाही, ते म्हणजे उभं राहिल्यावर उतरणारा रक्तदाब. आडवे असताना मोजा, मग उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांना सांगा. उठताना आधी पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसायची सवय लावा.

बारा प्रकारच्या गोळ्या आहेत. सगळ्या खरंच लागतात का?

कदाचित नाही. पाच किंवा अधिक औषधं रोज चालू असली की डॉक्टर त्याला बहुऔषधी म्हणतात, आणि तिथून पुढे एका औषधाचा दुष्परिणाम दुसऱ्या औषधाने झाकण्याची साखळी सुरू होऊ शकते. मार्क बीअर्स यांनी १९९१ मध्ये वृद्धांना शक्यतो टाळावीत अशा औषधांची यादी केली. ती आजही सुधारून वापरतात. झोपेच्या कितीतरी गोळ्या आणि ॲलर्जी-सर्दीच्या जुन्या, गुंगी आणणाऱ्या गोळ्या तीत आहेत. त्यांनी वृद्धांत गोंधळ, बद्धकोष्ठता आणि लघवी तुंबणं होतं.

घरातली सगळी औषधं, दुकानातून परस्पर आणलेलीसुद्धा, एका पिशवीत भरा, पिशवीच डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा आणि प्रत्येकीबद्दल विचारा: ही कशासाठी, अजून लागते का? स्वतःहून मात्र काही बंद करू नका. आणि गिळवत नाही म्हणून गोळी कुटण्याआधी औषधविक्रेत्याला विचारा. हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली गोळी कुटली तर दिवसभराचा डोस एकदम पोटात जातो.

कालपर्यंत ठीक होते, आज मला ओळखत नाहीत. स्मृतिभ्रंश झाला का?

एका दिवसात स्मृतिभ्रंश होत नाही. तो महिन्या-वर्षांनी येतो. काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत आलेला, सकाळी कमी रात्री जास्त होणारा गोंधळ हा डिलिरियम असतो. जुनी माणसं त्याला ‘वात झाला’ म्हणत. माणूस असंबद्ध बोलतो, हवेत काहीतरी पकडतो, नळ्या ओढतो. किंवा उलट, एकदम गप्प होतो, दिवसभर झोपून राहतो. हा गप्प प्रकार सगळ्यात जास्त निसटतो, कारण घरच्यांना वाटतं की आज शांत झोपलेत.

ही तातडीची अवस्था आहे. मागे काहीतरी शारीरिक कारण असतं: लघवीतला किंवा छातीतला संसर्ग, शरीरातलं पाणी कमी होणं, तुंबलेली लघवी, अनेक दिवसांची बद्धकोष्ठता, नवीन सुरू केलेलं औषध, वेदना, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया. म्हाताऱ्या माणसाला ताप न येताही मोठा संसर्ग असू शकतो. डॉक्टरांना एकच वाक्य नीट सांगा: ‘हे कालपर्यंत असे नव्हते.’ नाहीतर वय पाहून समोरचा धरून चालतो की हे असेच असतील. आमच्या बाबतीत तसंच झालं, आणि मूत्रमार्गाचा संसर्ग सापडायला तीन दिवस गेले.

रुग्णालयात त्यांचा चष्मा, कानाचं यंत्र आणि कवळी सोबत न्या. घड्याळ दिसू द्या, दिवसा पडदे उघडे ठेवा, ओळखीचा माणूस शेजारी असू द्या. हे औषधाइतकंच उपयोगी पडतं.

चेहरा एका बाजूला वाकडा होणं, एक हात खाली पडणं, बोलणं अडखळणं, यांपैकी काही अचानक झालं तर तो पक्षाघात धरा आणि मिनिटही घालवू नका. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येतं. लक्षण कधी सुरू झालं ती वेळ लिहून ठेवा.

स्मृतिभ्रंश आहे. ‘माझी आई कुठे आहे?’ असं रोज विचारतात. खरं सांगू का?

बाबा ऐंशीच्या घरात होते आणि त्यांची आई जाऊन चाळीस वर्षं झाली होती. पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी खरं सांगितलं. ते ओक्साबोक्शी रडले. तासाभराने पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं आणि ते पुन्हा पहिल्यांदाच ऐकल्यासारखे रडले. तिसऱ्यांदा मात्र मी म्हटलं, ‘आजीची आठवण येतेय का? तुम्ही लहान असताना ती कशी होती?’ मग ते अर्धा तास बोलत राहिले.

त्यांच्या प्रश्नामागे माहितीची भूक क्वचितच असते. ‘घरी जायचंय’ असं स्वतःच्याच घरात बसून म्हणतात, तेव्हा त्यांना बहुधा कुठेतरी सुरक्षित वाटायचं असतं. वाद घालून त्यांची स्मृती परत येत नाही, तुमचं भांडण मात्र होतं. घटना ते विसरतात, पण ओरडा खाल्ल्याची भावना अंगात उरते. म्हणून खोटं रचायचीही गरज नाही, भावनेला उत्तर द्या.

संध्याकाळी अस्वस्थता वाढत असेल तर उजेड लवकर लावा, दुपारची झोप आखूड करा, तहान, भूक, लघवी आणि वेदना यांची चौकशी करा. त्यांना सांगता येत नाही, म्हणून ते येरझाऱ्या घालतात. समोर नसलेली माणसं किंवा प्राणी दिसत असतील आणि चालही मंदावली असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. लुई बॉडी नावाच्या स्मृतिभ्रंशात असं होतं, आणि त्या रुग्णांना भास थांबवण्याची काही औषधं धोकादायक ठरतात. प्रत्येक स्मृतिभ्रंश अल्झायमर नसतो.

जेवताना ठसका लागतो.

पक्षाघात, पार्किन्सन आणि स्मृतिभ्रंशात गिळण्याचे स्नायू बिघडतात आणि घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. पूर्ण ताठ बसवून जेवू घाला, हनुवटी किंचित खाली राहू द्या, घास छोटा, आणि आधीचा गिळल्याशिवाय पुढचा नको. जेवणानंतर अर्धा तास बसलेलेच ठेवा. काही जणांना पातळ पाणीच सगळ्यात अवघड जातं आणि ते दाट करून द्यावं लागतं, पण ते स्पीच थेरपिस्टने, म्हणजे बोलणं आणि गिळणं यांवर उपचार करणाऱ्या तज्ज्ञाने, गिळणं तपासून ठरवावं. ठसका न लागताही अन्न चुकीच्या वाटेने जाऊ शकतं. जेवल्यावर आवाज घोगरा, ओला येणं ही त्याची खूण. दात आणि जीभ रोज साफ ठेवा, कवळी रात्री काढा. तोंडातले जंतू कमी झाले की न्यूमोनियाचा धोकाही कमी होतो.

लघवी कपड्यांत होते म्हणून पाणी कमी देऊ का?

देऊ नका. लघवी घट्ट झाली की मूत्राशय आणखी चुरचुरतं, संसर्ग होतो, बद्धकोष्ठता होते आणि गळणं वाढतं. डॉक्टरांनी हृदय किंवा मूत्रपिंडासाठी पाण्यावर बंधन घातलं असेल तर ते पाळाच. एरवी दिवसा पुरेसं द्या आणि झोपण्याआधीचे दोन तास कमी करा. त्यांनी सांगण्याची वाट न पाहता दर दोन-तीन तासांनी संडासला न्या. नव्याने गळू लागलं असेल तर आधी कारण शोधा, डायपर नंतर. आणि साफ करताना तुमच्या तोंडावर काय दिसतंय याकडे लक्ष द्या. त्यांचं सगळं लक्ष तिथेच असतं.

भावंडं फोनवर सल्ले देतात, काम मी एकटी करते.

‘तुम्ही काहीच करत नाही’ हे वाक्य खरं असलं तरी त्यातून काम होत नाही. आठवडाभर जे जे करता ते वेळेसकट वहीत लिहा आणि ती वही सगळ्यांसमोर ठेवा. लांब राहणाऱ्यालाही नेमकं काम देता येतं: बिलं भरणं, डॉक्टरांच्या वेळा ठरवणं, मदतनीसाचा पगार, दर महिन्याला ठरलेले चार दिवस येऊन राहणं. ‘जमेल तशी मदत कर’ असं म्हटलं की ती कधीच जमत नाही.

येऊन राहणाऱ्याला त्याच्या पद्धतीने करू द्या. मी भावाला उशी कशी लावायची इथपासून शिकवत बसले आणि मग तो येईनासा झाला. त्या वेळी मला दोष त्याचा वाटला होता.

मला त्यांचा राग येतो. एकदा हात उगारला होता.

हे सांगितलंत हे फार बरं केलंत. रात्र रात्र झोप न झालेल्या, महिनोन्महिने घराबाहेर न पडलेल्या माणसाला राग येतोच. रागाने प्रेम खोटं ठरत नाही. पण उगारलेला हात हा इशारा आहे आणि तो आजच ऐकायचा. तशा क्षणी माणूस सुरक्षित बसला किंवा झोपला आहे एवढं पाहा आणि खोलीबाहेर जा. पाच मिनिटं डायपर ओला राहिला तर चालतो. मग कुणाला तरी, डॉक्टर, बहीण, मित्र, नेमके हेच शब्द सांगा: ‘मला आता हे एकट्याने झेपत नाही.’ हात उठला असेल, जोराने धरलं गेलं असेल, बांधून ठेवावं लागलं असेल, तर शुश्रूषा दुसऱ्या हातांत जायची वेळ झालेली आहे. त्यात दोघांचंही रक्षण आहे.

मी थकले आहे की हे नैराश्य आहे?

दोन दिवस नीट झोप मिळाल्यावर हुरूप परत येतो का, ते पाहा. येत नसेल, दोन आठवडे कशातच मन लागत नसेल, किंवा जगणं नको वाटत असेल, तर स्वतःसाठी डॉक्टरकडे जा, आणि शेवटचं असेल तर आजच. स्टीव्हन झारिट यांनी शुश्रूषा करणाऱ्यावरचा भार मोजण्यासाठी तयार केलेल्या प्रश्नावलीचे २२ प्रश्न पुष्कळ ठिकाणी वापरतात. तुमच्या डॉक्टरांना त्याबद्दल विचारता येईल.

हा भार शरीरावरही पडतो. रिचर्ड शुल्झ आणि स्कॉट बीच यांनी १९९९ मध्ये अमेरिकेतल्या वयस्क जोडप्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जोडीदाराची शुश्रूषा करताना ज्यांच्यावर ताण येत होता, त्यांच्यात चार वर्षांतला मृत्यूचा धोका शुश्रूषा न करणाऱ्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त आढळला. ज्यांना ताण जाणवत नव्हता त्यांच्यात तशी वाढ दिसली नाही. म्हणून आठवड्यातला एक ठरलेला अर्धा दिवस सुट्टीचा मागा, आणि तो घरकाम उरकण्यात घालवू नका. तुमची स्वतःची पुढे ढकललेली तपासणीही करून घ्या.

त्यांना शुश्रूषा केंद्रात ठेवलं तर मी त्यांना टाकलं असं होईल का?

नाही. उचलायला दोन माणसं लागतात आणि घरात एकच आहे, रात्री ते बाहेर निघून जातात, किंवा तुमचंच शरीर मोडलं आहे, तर घरी ठेवणं त्यांच्यासाठीच असुरक्षित असतं. केंद्र पाहायला न कळवता, जेवणाच्या वेळी जा. वास येतो का, हाक मारल्यावर कर्मचारी किती वेळात येतात, माणसांशी नावाने बोलतात का, रात्री किती जण असतात, एवढं पाहा. ठेवल्यावर जात राहा. काम दुसरे करतील, शेजारी मात्र तुम्हीच बसायचं आहे.

कागदपत्रं आणि इच्छा यांचा विषय कधी काढायचा?

समज शाबूत असताना. नंतर सही चालत नाही. आपल्या वतीने निर्णय कुणी घ्यावा, व्यवहार कुणी पाहावेत, कृत्रिम श्वास किंवा नळीने अन्न कुठवर हवं, हे विचारा आणि लिहून घ्या. नियम जागोजागी वेगळे असतात, म्हणून वकिलांचा सल्ला घ्या. ‘तुम्हाला कशाची सगळ्यात जास्त भीती वाटते?’ या प्रश्नाने बोलणं सहज सुरू होतं. आईने मला सांगितलं होतं की मरणाची नाही, नळ्यांची वाटते. पुढे एका रात्री त्या एका वाक्यावर मी निर्णय घेऊ शकले.

पॅलिएटिव्ह केअर म्हणजे उपचार सोडून देणं का?

असा समज झाल्यामुळे माणसं विनाकारण वेदनेत राहतात. वेदना, धाप, मळमळ, भीती यांवर उपचार करणारी ही शाखा आहे आणि ती बाकीच्या उपचारांबरोबरही चालते. या शाखेचा पाया घालणाऱ्या सिसिली सॉन्डर्स आधी नर्स, मग समाजसेविका, मग डॉक्टर झाल्या. त्यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस, म्हणजे आयुष्याच्या शेवटाकडे आलेल्या रुग्णांसाठीचं शुश्रूषालय, सुरू केलं. वेदनेत शरीर, मन, नाती आणि श्रद्धा सगळंच येतं, असं त्या मांडत. योग्य मात्रेत दिलेल्या मॉर्फिनने माणूस लवकर जातो ही भीतीही निराधार आहे.

शेवटच्या दिवसांत भूक-तहान जाते. खाणं बंद झाल्यामुळे ते जात नसतात, शरीर मिटत असल्यामुळे खाणं बंद होतं. भरवण्याचा आग्रह धरू नका. ओल्या कापसाने ओठ आणि जीभ टिपा. श्वास मधेच थांबून पुन्हा सुरू होतो, हातपाय गार पडतात. बोलत राहा. ऐकणं शेवटपर्यंत टिकतं असं मानतात.

ते गेल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं. माझं काही चुकलं का?

काही चुकलं नाही. मलाही वाटलं होतं, आणि त्याच आठवड्यात रडूही आवरत नव्हतं. पुष्कळ दिवस मी रात्री कूस बदलण्याच्या वेळेला जागी व्हायचे. शरीराला कळायला वेळ लागतो. पहिल्या महिन्यात मोठे निर्णय घेऊ नका. उरलेली औषधं, विशेषतः वेदनेची, घरात ठेवू नका. औषधविक्रेत्याकडे परत द्या किंवा नीट नष्ट करा. पलंग, कमोड खुर्ची, वॉकर कुणाला तरी लागतच असतं, पण देण्याची घाई नाही. आईची व्हीलचेअर मी दोन महिने तशीच ठेवली होती. मग एक बाई नवऱ्यासाठी न्यायला आली, तेव्हा तिला बसवून दाखवली आणि सांगितलं की डावा ब्रेक जरा जास्त जोर लावून ओढावा लागतो.